मठाच्या जमिनी आणि बरकातली राजेळी

मॅडमची पहिली वही हातात पडली तेव्हा मला वाटलं, या बाईंच्या घरात वाटणीचं भांडण चाललंय आणि त्याचे कागद मला टाइप करायला दिलेत. पान भरून नुसती यादी. मठ आणि मठाची जागा, चर्च, घंटेचा मनोरा, कब्रस्तान, दोन पाणचक्क्या, कबुतरखाना, मासे पाळायची तीन तळी, कुरणं, रान, बागा दोन, अमक्या गावातली शेतं, तमक्या गावातली शेतं आणि त्या सगळ्यावरचे हक्क. शेवटी काय, तर हे सगळं राजाने आपल्या एका लाडक्या दरबाऱ्याला दिलं. त्याला आणि त्याच्या वारसांना, कायमचं.

"मॅडम, हे नक्की कुणाचं?" मी विचारलं.

"होतं मठातल्या ब्रदरांचं," त्या म्हणाल्या. "झालं माझ्या चोराचं."

मी ओमानमध्ये, मस्कतजवळच्या अल खौदला राहते, युनिव्हर्सिटीपासून जवळच, आणि घरी बसून टायपिंगची कामं करते. आधी एका ऑफिसात सेक्रेटरी होते. ते ऑफिस बंद पडलं, पण नवऱ्याची हॉटेलातली नोकरी चालू होती, म्हणून आम्ही इथेच राहिलो. युनिव्हर्सिटीतल्या माणसांचे प्रबंध, अहवाल असलं काहीबाही माझ्याकडे येतं. मॅडम म्हणजे तिथल्या एका इंग्लिश प्रोफेसरांच्या मिसेस. इंग्लंडात शाळेत इतिहास शिकवायच्या. त्यांच्या गावात एक पडका मठ आहे, चारशे-पाचशे वर्षांपूर्वी मोडलेला. त्या मठाच्या जमिनी कुणाला गेल्या, यावर त्यांना एक पुस्तक करायचं होतं. नवऱ्याबरोबर मस्कतला येताना बाईंनी सोन्याचे दागिने आणले नाहीत, जुन्या दानपत्रांच्या नकला भरलेली बॅग आणली. अक्षर त्यांचं असं, जसं काही मुंग्यांची रांग वाट चुकलीय.

आम्ही वसईचे कॅथलिक. त्यामुळे तो इंग्लंडचा राजा मला ऐकून माहीत होता. धर्मशिक्षणाच्या वर्गात आमच्या सिस्टर सांगायच्या, एक राजा होता, त्याला बायको सोडायची होती, पोप सोडू देईना, तेव्हा त्याने पोपलाच सोडलं. पुढे त्याने देशातले सगळे मठ मोडले आणि जमिनी घशात घातल्या, एवढं सांगून सिस्टर थांबायच्या. नंतर त्या जमिनींचं काय झालं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. वसईच्या किल्ल्यात आम्ही सहलीला जायचो, तिथे तर मठच मठ, छप्पर नसलेले. आत आम्ही लपाछपी खेळलो, डबे उघडून खाल्ले. त्या मठांचीही शेतं असणार, गावं असणार, ती कुणीतरी कुणाला तरी दिली असणार. पन्नाशीला आले तरी माझ्या डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. आणि आला तो कुठे, तर ओमानमध्ये, एका इंग्लिश बाईंच्या मुंग्या टाइप करताना!

एकदा प्रश्न शिरला की मी स्वस्थ बसणाऱ्यांतली नाही. आमच्या घरात सगळे म्हणतात, हिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की खलास. टाइप केलेली पानं द्यायला जायचे ती तासभर मॅडमचं डोकं खाऊन यायचे. त्यांनाही ते आवडायचं बहुतेक, कारण चहाबरोबर बिस्किटं वाढत गेली.

मॅडमचा तो चोर, म्हणजे यादीतला लाडका दरबारी, राजाच्या खासगीतला माणूस होता. राजाचे कपडे, राजाची शिकार, राजाची मर्जी हे त्याचं काम. मठ मोडणार अशी नुसती कुणकुण लागली, तेव्हापासून त्याने अर्ज करायला सुरुवात केली. ब्रदर अजून आत प्रार्थना म्हणताहेत आणि हा बाहेरून लिहितोय, की महाराज, तो मठ मोडलात तर माझी आठवण ठेवा.

"मेला!" माझ्या तोंडून निघालंच. "घरात माणूस जिवंत असताना त्याच्या खाटेचं माप घ्यायचं म्हणजे!"

मॅडमना ते इंग्रजीत समजावून सांगितलं, तर त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. पण बाई सरळ होत्या. ब्रदरांचीही त्यांनी गय केली नाही. म्हणाल्या, तू समजतेस तसे ते सगळे देवमाणूस नव्हते. तेही जमीनदारच. खंड वसूल करायचे, चक्कीचा हक्क सोडायचे नाहीत, गावातल्या लोकांशी कोर्टकचेऱ्या करायचे. मठ मोडला तेव्हा गावातली काही माणसं स्वतःच दगड उचलून घरी घेऊन गेली. मला जरा लागलं ते. पण खरं असेल तर असेल, मी टाइप केलं.

छपराचं शिसं आणि घंटा राजाने स्वतःकडे ठेवल्या. शिसं तिथल्या तिथे वितळवलं. चर्चच्या पोटात त्या चोराने आपला दिवाणखाना काढला. लहान मठांसाठी तर एक कायदाच होता, म्हणे: ज्याला मठाची जागा मिळेल त्याने तिथली चूल पेटती ठेवायची, येणाऱ्याजाणाऱ्याला खायला घालायचं आणि जमीन पूर्वीसारखीच कसायची.

"पाळला कुणी?" मी विचारलं.

"कागदावर," मॅडम म्हणाल्या.

आता माझ्या दादाबद्दल सांगते, कारण मी हे सगळं इतकं चवीने का ऐकत होते ते त्याशिवाय कळायचं नाही.

माझा थोरला भाऊ मस्कतच्या पुढे, बरका गावात एका शेतावर कामाला आहे. तीस वर्षं होत आली. मला ओमानला आणलं तेही त्यानेच. आमचं घराणं वसईतलं वाडीवालं, केळीवर जगलेलं. तिकडची वाडी केव्हाच विकली, तिथे आता सात मजली दोन इमारती आहेत. दादाचं लग्न झालं नाही. का, ते विचारायची आमची कुणाची छाती झाली नाही. बरकाच्या त्या शेतावर तो आला तेव्हा खजूर, लिंबं आणि बकऱ्यांचं गवत एवढंच होतं. दुसऱ्या वर्षी गावाहून येताना त्याने राजेळीचे मुनवे आणले. केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिल्लं, म्हणजे मुनवे. कसे आणले ते विचारू नका. त्या काळी कस्टमवाले इतके बारकाईने बघत नसावेत, किंवा दादाच्या भोळ्या चेहऱ्याला फसले असावेत.

राजेळी म्हणजे वसईची मोठी केळी, जिची सुकेळी करतात. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची, रोज उलटायची, रात्री झाकायची, मधासारख्या रंगावर आली की केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधायची. आता वसईतसुद्धा करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी. आणि इथे बरकात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, जिथे विहिरीचं पाणी वर्षागणिक खारट होत चाललंय, तिथे माझा दादा राजेळी पिकवत होता. गोड्या पाण्याच्या टाकीतून एकेका झाडाला मापाने पाणी द्यायचा. उन्हाळ्यात वाऱ्याच्या बाजूला खजुराच्या झावळ्यांचा कुड उभा करायचा. नाताळच्या आधी त्याची सुकेळी मस्कतमधल्या आमच्या वसईकरांच्या घरोघरी जायची. तीनशेच्या आसपास झाडं होती. तो त्यांना 'वाडी' म्हणायचा, आणि फोनवर त्याला "कसा आहेस?" विचारलं की उत्तर यायचं, "वाडी बरी आहे."

शेताचा मालक म्हणजे अर्बाब. म्हातारा ओमानी, हिंदी झकास बोलायचा. तरुणपणी फौजेत होता आणि त्या सेवेबद्दल सरकारकडून त्याला ही जमीन मिळाली होती. ते कळलं तेव्हा मला एकदम मॅडमचा चोर आठवला आणि मी मनातल्या मनात जीभ चावली. याच्यात आणि त्याच्यात जमीनअस्मानाचा फरक. ही जमीन कुणाच्या तोंडची काढून दिलेली नव्हती, नुसती वाळू होती. तरी एका शुक्रवारी दादाकडे गेले असताना मी अर्बाबला त्या मठाची सगळी गोष्ट सांगितली. म्हातारा कान टवकारून ऐकत होता. मला वाटलं, राजा चुकला की बरोबर, यावर काही बोलेल. तर तो म्हणाला, "और उधर पानी किसका था?"

मी म्हटलं, पाणी म्हणजे? त्याने समजावलं, की आमच्याकडे जमीन एकाची असते आणि पाण्याची पाळी दुसऱ्याची असू शकते. नुसती जमीन मिळून काय करायचंय? पुढच्या वेळी मी तोच प्रश्न मॅडमच्या पुढ्यात ठेवला. बाईंनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. मग उठल्या, बॅग उपसली, आणि दोन दिवसांनी मला फोन: त्या चोराने चक्कीचा ओढा वळवला होता आणि त्यावरून खालच्या गावाशी त्याचं वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं. बॅगेत तो कागद इतकी वर्षं होता, पण पाण्याकडे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. "तुझ्या शेतकरी मित्राचे आभार मान," त्या म्हणाल्या. मी कॉलर ताठ करून आभार पोचवले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अर्बाबने शेत थोरल्या जावयाच्या नावावर करायचं ठरवलं. मुलगा नव्हता त्याला. गुडघे गेले होते, मस्कतला मुलीकडे राहायला जायचं होतं. जावई चांगला होता, मस्कतला ऑफिसात कामाला, मऊ बोलायचा, पण शेतीचं त्याला काही नव्हतं. दादाने हे मला फोनवर असं सांगितलं, जसं काही बाजारात टोमॅटो महागलेत.

"आणि तुझं काय?" मी ओरडले.

"माझं काय? मी आहेच."

"कुणी सांगितलं आहेस म्हणून? नवा मालक उद्या म्हणाला, दोन तरुण पोरं ठेवतो, तर? तुझी साठी जवळ आली, दादा! गावाला जाऊन राहशील कुठे? त्या सात मजल्यांच्या पार्किंगमध्ये?"

"बाय, अर्बाब म्हणालाय, तू इथलाच माणूस आहेस."

"म्हणालाय!" मी फोन आपटलाच.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मॅडमच्या वहीत तो म्हातारा माळी आला. राजाची माणसं मठात हिशेब करायला बसली तेव्हा त्यांनी एकेकाला विचारलं, तुझ्याकडे मठाच्या शिक्क्याचा कागद आहे का? नांगरे, धोबिणी, स्वयंपाकी यांच्याकडे कुठला कागद असायला? त्यांना थोडंफार हातावर ठेवून वाटेला लावलं. पण बागेकडे बघणाऱ्या एका म्हाताऱ्याला ब्रदरांनी कधीतरी कागद करून दिला होता: रोजची पाव-बिअर, वर्षाला एक झगा आणि दरवाजावरची खोली, मरेपर्यंत. राजाच्या माणसांनी तो कागद उलटसुलट करून बघितला आणि मान्य केला. मठ गेला, ब्रदर गेले, शिसं गेलं, पण तो म्हातारा दरवाजावरच्या खोलीत राहिला. चोराला तो तसाच सांभाळावा लागला.

मी ते पान टाइप करून तिथेच थांबले. म्हटलं, हे देवानेच दाखवलं. एवढ्या मोठ्या याद्या, त्यात कबुतरं आहेत, मासे आहेत, झाडंझुडपं आहेत, माणूस मात्र कुठे नाही. आणि एकच माणूस टिकला, का, तर त्याने वेळेवर कागद करून घेतला.

मी दादासाठी कागद करायला घेतला. त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, घरच्या माणसाकडे कागद मागतात का? मॅडमना विचारून विचारून एकेक मुद्दा पक्का केला. मग आमच्या जवळच्या टायपिंगच्या दुकानात जाऊन अरबीत उतरवून घेतला. इथे अशा दुकानांना सनद म्हणतात, त्याचीही मला गंमत वाटली. कागदात सगळं होतं: दादाची नोकरी, त्याचा पगार आहे तसा, त्याची खोली, जेवणखाण, दोन वर्षांनी गावाला जायचं तिकीट, आजारी पडला तर औषधपाणी, आणि जोवर त्याला राहायचंय तोवर त्याला कुणी काढायचं नाही. दुकानातला माणूस म्हणाला, असला कागद मी आजवर केला नाही. मी म्हटलं, आता केलास ना.

पुढच्या शुक्रवारी मी बरकाला गेले. अर्बाबच्या बैठकीत जावईही बसला होता, कॉफी फिरत होती, हलवा पुढे आला होता. दादा दाराशी टेकून बसला होता, नेहमीसारखा, हातांना माती. मी पर्समधून कागद काढला आणि अर्बाबच्या पुढे ठेवला. सगळं बोलून टाकलं, हिंदीत, अधूनमधून मराठीत. दादाचा चेहरा असा झाला, जसं काही भर बैठकीत मी त्याला थोबाडीत मारलीय. त्याने मान खाली घातली. मला त्याची दया आली आणि रागही आला. इतका भिडस्त माणूस जगात राहतो कसा!

अर्बाबने चष्मा लावून कागद वाचला, अगदी सावकाश. मग जावयाला मोठ्याने वाचून दाखवला. जावई प्रत्येक ओळीला मान हलवत होता. "इन्शाल्ला," तो म्हणाला. "हे माझ्या डोक्यावर, सगळं मान्य." म्हाताऱ्याने सही केली, शिक्का मागवला आणि तोही मारला. त्याला राग आला नव्हता. उलट तो माझ्याकडे बघून हसला आणि पेन हातात तसंच धरून म्हणाला, "और क्या लिखना है? आज जो बोलेगी, लिखेगा."

दादाने मान वर केली. "अर्बाब, एक..." असं काहीतरी त्याने सुरू केलं.

मला वाटलं, झालं! आता हा म्हणणार, बहिणीचं मनावर घेऊ नका, कागदाची काही गरज नाही. सगळ्यावर बोळा फिरवणार. मी गर्रकन वळले. "दादा, तू गप्प बस," मी म्हटलं. "आयुष्यभर गप्प बसलास, आज एक दिवस आणखी बस." जावई हसला. अर्बाब हसला. दादाने तोंड मिटलं. मी म्हटलं, "बस, अर्बाब. खलास." त्याने पेनाला टोपण लावलं.

परत येताना गाडीत मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी माझं कौतुक केलं. म्हणाल्या, तुझ्यासारखी एखादी त्या मठात असती तर राजाच्या माणसांची धडगत नव्हती. मी त्या रात्री अशी झोपले, जसं काही लॉटरी लागलीय.

उन्हाळा गेला. त्या उन्हाळ्यात दादा फोनवर कमी बोलायचा, पण तो कधी जास्त बोलायचा? मॅडमचं पुस्तक शेवटाकडे आलं होतं, मी रात्रंदिवस टाइप करत होते. "कसा आहेस?" विचारलं की तो म्हणायचा, "बरा आहे." आधी काय म्हणायचा, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

ऑक्टोबरात हवा जरा निवली तेव्हा मी बरकाला गेले. शेताच्या फाटकावर नवा रंग होता. आत शिरले आणि मला क्षणभर वाटलं, चुकीच्या गल्लीत वळले. जिथे वाडी होती तिथे निळ्या टाइल्सचा पोहण्याचा तलाव, आखीवरेखीव हिरवळ, मुलांची घसरगुंडी. दोन बाजूंना छोटी छोटी घरं. बरकाला हल्ली असंच करतात, शेतांची विश्रामगृहं करतात आणि मस्कतची कुटुंबं सुट्टीला, शुक्रवार-शनिवार, भाड्याने घेतात. तीनशेपैकी एक झाड नव्हतं. मुनवाही नव्हता. मी आपली वेड्यासारखी हिरवळीवर पायाने चाचपत होते.

जावई समोरून आला. अगदी प्रेमाने विचारपूस केली. मी काही म्हणायच्या आधीच त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, की सासऱ्याच्या कागदातला एकेक शब्द त्याने पाळलाय. पगार तोच. खोली तीच, वर एसी नवा. जेवण, औषध, तिकीट, सगळं. दादाला कुणीही काढणार नाही, तो हवा तितका राहील. आणि ते खरं होतं. त्या माणसाला शिव्या द्याव्यात असं एकही अक्षर माझ्याकडे नव्हतं.

दादा फाटकाशेजारच्या खोलीबाहेर खुर्चीवर बसला होता. स्वच्छ शर्ट, स्वच्छ हात. तीस वर्षांत त्याची नखं इतकी स्वच्छ मी पाहिली नव्हती. मी त्याच्यासमोर पायरीवर बसले.

"कधी झालं?"

"जूनमध्ये. जेसीबी आला होता. दोन दिवसांत झालं."

"मला फोन का नाही केलास?" माझा आवाज चढला. "मी आले असते! मी त्याला सांगितलं असतं, एक कोपरा तरी सोड, वीस झाडं तरी..."

"कशाच्या जोरावर?" तो म्हणाला. रागाने नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, असं विचारलं. "कागदात नव्हतं ते."

मग जे विचारायची मला भीती वाटत होती तेच विचारलं. "दादा, त्या दिवशी बैठकीत तू काहीतरी बोलणार होतास."

तो हिरवळीकडे बघत होता. "हो."

"काय?"

"हेच, की माझं काही लिहू नका. मी जाईन गावाला. वाडी तेवढी राहू द्या. म्हातारा पेन धरून बसला होता गं बाय. लिहिलं असतं त्याने."

मला रडू फुटलं. भर दुपारी, त्या निळ्या टाइल्ससमोर, मी लहान मुलीसारखी हुंदके देत रडले आणि म्हणत राहिले, माझं चुकलं दादा, माझं चुकलं. तो "असू दे" म्हणाला नाही. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही. नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवून बसला.

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पोहायला आलेलं कुटुंब होतं, मागच्या सीटवर मुलं उड्या मारत होती. दादाने माझ्या डोक्यावरचा हात काढला, खोलीतल्या खिळ्यावरची किल्ली घेतली आणि त्यांना घर उघडून द्यायला गेला.